बॉनेटवरचा देव

आमच्या घाटकोपरच्या पंतनगरात कोणाच्या घरी काय शिजतंय हे लोक वासावरून ओळखत, आणि कशाच्या जोरावर शिजतंय हे ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावरून. अशा वस्तीत नाना रेडकरांच्या खिडकीखाली एक विलायती मोटार ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी होती. इतकी लांब, की बॉनेटपाशी उभ्या माणसाला डिकीपाशी बसलेल्या मांजराचा पत्ता लागू नये. नाना गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. संपानंतर घरीच होते. साचेवाल्याच्या दारात राजाची गाडी म्हटल्यावर लोकांनी करायचं ते केलं. संशय घेतला.

नानांकडे खुलासा तयार असे. त्यांचे वडील काशीराम हे जांभुळखेडच्या राजेसाहेबांचे ड्रायव्हर. संस्थान विलीन झालं, तेव्हा राजेसाहेब म्हणाले, "काशीराम, गाडी तू ने."

"आणि कागद?" सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव विचारायचे.

"राजे कागद देत नसत, शब्द देत."

"झकास! उद्या मी ट्रॉम्ब्याहून अणुबॉम्ब आणतो आणि सांगतो, साहेबांनी शब्द दिला."

भाऊराव ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात कँटीनमध्ये होते. गुप्ततेची शपथ त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की आज भाजी कुठली होती हेसुद्धा ते घरी सांगत नसत. त्यामुळे दुसरा माणूस मोकळेपणानं काही सांगू लागला, की तो खोटं बोलतोय अशी त्यांची खात्रीच व्हायची.

"नाना, तुझा बाप देवमाणूस होता, मान्य," ते म्हणायचे. "पण देवमाणसाला गाडी देतो कोण?"

हे वाक्य नानांना फार लागे. जेवताना मध्येच ते घास खाली ठेवत आणि विचारत, "सुंदरा, लोक अजून बाबांना चोर समजतात काय गं?" सुंदराबाई म्हणत, "समजतत. आमटी वाढू?"

गाडीच्या बॉनेटच्या टोकाला देव होता. काशीराम दर दसऱ्याला तिथं तेलात कालवलेला शेंदूर चढवायचे आणि पुढे नानांनी तो नेम चालवला. होता होता तिथं नारळाएवढा शेंदरी गोळा झाला. त्याला डोळे बसवले होते. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्याच्या पाया पडत. खाली मूळचं काय आहे, हे कोणी पाहिलं नव्हतं. शेंदूर खरवडून देव बघायचा नसतो, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सोसायटीनं ठराव केला, की पाण्याची टाकी गाडीच्या जागेवरच बांधायची. महिनाअखेर गाडी हलवा, नाहीतर भंगारवाला देवनारला नेईल. नानांची मुलगी कमल फोर्टात टायपिस्ट होती. जुन्या मोटारींचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांचा लेख तिच्या वाचनात आला, आणि तिनं त्यांना बोलावून घेतलं.

श्यामसुंदर वागळे अंधेरीहून आले. गळ्यात कॅमेरा, हातात भिंग. आल्याबरोबर ते गाडीखाली झोपले. तोवर वरच्या गॅलऱ्या भरल्या.

"इन्कम टॅक्स," एक आवाज आला.

"कस्टम असणार. सोनं शोधतोय."

भाऊराव खाली उतरले आणि वागळ्यांच्या बाहेर राहिलेल्या पायांना म्हणाले, "ओ मिस्टर, आयडेंटिटी कार्ड?"

"गाडीखाली कशाला लागतं?" पायांकडून उत्तर आलं.

वागळे ग्रीस लावून बाहेर आले, ते नानांवर नजर रोखूनच.

"इंजिनावरची नंबराची पट्टी कुठंय? चार भोकं आहेत, पट्टी नाही."

"उंदरांनी नेली असेल," नाना म्हणाले.

"पितळेची?"

"घाटकोपरचे उंदीर आहेत."

वागळ्यांनी हे लिहून घेतलं. मग ते घरात आले. सुंदराबाईंनी चहा टाकला. समोरच देव्हारा होता. मधे कुलदैवत, बाजूला आरवलीच्या वेतोबासाठी करून आणलेला चामड्याच्या चपलांचा बोटभर लांबीचा जोड. वेतोबा रात्री गावाच्या हद्दीवर पायी फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या चपला वाहतात. हा जोड पुढल्या वारीला न्यायचा म्हणून ठेवला होता, आणि पुढली वारी काही लागत नव्हती. चपलांशेजारी वाटीतल्या तांदळात पोटापर्यंत रुतलेला, उदबत्तीच्या धुरानं काळवंडलेला एक घोडा, डोक्यावर जास्वंदीचं फूल. "वेतोबाचा घोडा" असं काशीराम सांगायचे. पायी फिरणाऱ्या देवाला घोडा कशाला, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. वागळ्यांनी देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि बशीत चहा ओतला.

"नाना, स्पष्ट सांगतो. जांभुळखेडच्या राजेसाहेबांसाठी कंपनीनं एक गाडी खास बांधली होती. तशी दुसरी जगात नाही. विलीनीकरणाच्या गडबडीत ती गायब झाली."

"गायब नाही, दिली," नाना म्हणाले.

"त्यांचे चिरंजीव पुण्यात असतात. ते म्हणतात, चोरीला गेली. तक्रार अजून उघडी आहे." वागळ्यांनी बशी रिकामी केली. "आता ही तीच गाडी का, हे एका गोष्टीवरून ठरेल. त्या गाडीच्या बॉनेटवर चांदीची एक खास वस्तू बसवलेली होती. ती तुमच्या शेंदराखाली निघाली, की संपलं."

"कसली वस्तू?"

"ते नाही सांगणार. सांगितलं तर उद्या तुम्ही झवेरी बाजारातून करून आणाल."

"आम्ही?" कमल चिडली. "तुम्हाला बोलावलं कोणी? मीच ना?"

"म्हणून तर जास्त संशय येतो," वागळे शांतपणे म्हणाले.

ते गेल्यावर नानांनी त्यांची रिकामी बशी पालथी घातली. मग म्हणाले, "म्हणजे गाडी खरी निघाली तर बाप खोटा. आणि बाप खरा ठरला तर गाडी भंगार."

"अहो बाबा, जगात एकच गाडी आहे ती! पेपरात नाव येईल आपलं."

"येईल ना. 'चोराचा मुलगा' असं येईल. फोटो काढायला तुझे वागळे आहेतच."

त्या आठवड्यात वस्तीत कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. नाना गाडीपाशी खाट टाकून निजू लागले. भाऊराव गॅलरीतून नानांवर लक्ष ठेवत, आणि भाऊरावांच्या मंडळी भाऊरावांवर, कारण ते एकाएकी गॅलरीत इतका वेळ का उभे राहतात हे त्यांना समजत नव्हतं. वागळे वेळ न कळवता उगवत आणि शेंदराच्या गोळ्याचा फोटो काढून जात. रातोरात आकार बदलला नाही ना, हे ते फोटो शेजारी ठेवून तपासत.

शेवटी नानांनी तोडगा काढला. देवालाच विचारायचं. कोकणात अडलं की कौल लावतात. देवाच्या अंगाला पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

रविवारी सकाळी सगळी वसाहत जमली. नानांनी आंघोळ करून सोवळं नेसलं, शेंदराला जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या अंगावरचो शेंदूर काढूचो की नाय, तूच काय ता सांग!"

पाकळ्या पडेनात. शेंदरात तेल मुरलेलं, त्या पक्क्या बसल्या. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं.

"फुंकर कोण मारतंय?" भाऊराव ओरडले.

"मी श्वास घेतोय," वागळे म्हणाले.

"जरा लांब जाऊन घ्या."

"तुम्ही त्या वर्तमानपत्रानं वारा कशाला घालताय? डावीकडूनच का?"

"मला घाम आलाय म्हणून!"

"डावीकडेच?"

कमलचा धीर सुटला. "अरे काय चाललंय यार तुमचं! एका गाडीपायी सगळ्यांच्या डोक्याची वाट लागली!" असं म्हणून ती उन्हातून उठून गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. ते दार जुन्या काळचं, तिजोरीसारखं जड. धाडकन आवाज झाला, गाडी पुढून मागपर्यंत हादरली, आणि बॉनेटवरचा शेंदूर डोळ्यांसकट, दोन्ही पाकळ्यांसकट निखळून खाली आला.

कोणी श्वाससुद्धा घेतला नाही, वागळ्यांनीही नाही.

बॉनेटवर पितळेची तोटी होती. नळाची, साधी, कान पिळायची.

आधी भाऊराव बोलले. "टाकी इथंच व्हावी, ही देवाची इच्छा आहे."

इतकी वर्षं आपण तोटीच्या पाया पडत आलो याचं कोणाला विशेष वाईट वाटलं नाही. घाटकोपरात नळापुढे हात जोडणं तसं रोजचंच होतं.

वागळे मात्र खचले. मडगार्डवर बसून म्हणाले, "घोडा हवा होता हो. चांदीचा घोडा, डावा पाय उचललेला. राजेसाहेबांनी आपल्या लाडक्या घोड्यावरून करवून घेतला होता. खाली आटे, ते बॉनेटमध्ये पिळून बसवायचे."

नानांची नजर आपसूक आपल्या खिडकीकडे गेली होती. ती त्यांनी लगेच खाली आणली.

"म्हणजे ही ती गाडी नव्हे?" भाऊरावांनी विचारलं.

"घोड्याशिवाय कसं म्हणू? दुसरी एखादी, त्याच घडणीची असेल."

भाऊरावांनी घसा साफ केला. सेक्रेटरीला चारचौघांत माघार घेणं कठीण जातं. "मग नाना, तुझा बाप चोर नव्हता. हे मी सोसायटीतर्फे सांगतो."

हे ऐकायला नाना आयुष्यभर थांबले होते. त्यांनी मान हलवली आणि सोवळं सावरत घाईघाईनं जिना चढले.

घरात त्यांनी दाराला कडी लावली. वाटीतला घोडा उचलला. डावा पाय उचललेला होता. पोटाखालचे तांदूळ झडले, आणि खाली बोटभर जाडीचा, आट्यांचा खुंट दिसला.

"सुंदरा," ते म्हणाले, "याला आटे आहेत."

सुंदराबाई कोकम भिजवत होत्या. "आसतत. माका लगीन झाल्यापासून ठावूक आसा."

"तुला? कसं?"

"दर सणाक चिंच लावून देव घासता कोण? तुमी?"

"मग बोलली का नाहीस?"

"माका इचारलात कधी?"

नाना देव्हाऱ्यासमोरच बसले. "बाबांना राजानं गाडी दिली असती, तर घोडा असा लपवला कशाला असता?"

"लपवलो खंय? देवात ठेवलो. चोरलेल्या वस्तूक रोज हळदकुंकू कोण वाहता?" कोकम पिळत त्या म्हणाल्या, "नायतर चोरलो म्हणूनच वाहत आसतीत. माका काय ठावूक? तुमचो बापूस माझ्याकडे फक्त ताक मागी."

खाली वागळे अजून मडगार्डवर बसून होते. हातातला घोडा घेऊन दोन जिने उतरायचं, की जगातली एकुलती एक गाडी वाचणार होती, आणि बाप पुन्हा चोर ठरणार होता. नानांनी घोडा धोतरानं पुसला. चांदी क्षणभर चमकली.

"तांदूळ बदल," ते म्हणाले. "जुने झालेत."

महिनाअखेर भंगारवाला आला. कमल गॅलरीत आली नाही. वागळे निरोप घ्यायला आले होते. साखळदंड लावून गाडी निघाली, आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत नाना ताठ उभे होते. मग वागळे वर आले, शेवटचा चहा घ्यायला.

नमस्कारासाठी ते देव्हाऱ्यासमोर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. नव्या तांदळात घोडा पहिल्याइतका रुतला नव्हता, उचललेला पाय वर दिसत होता.

"हा घोडा कोणाचा हो?"

"वेतोबाचा," नाना म्हणाले.

"कुठला वेतोबा?"

"आरवलीचा."

वागळे सावकाश सरळ झाले. त्यांनी चपलांच्या जोडाकडे पाहिलं, मग घोड्याकडे, मग नानांकडे.

"माझं आजोळ आरवलीचं," ते म्हणाले. "वेतोबा तर पायी फिरतो."

सुंदराबाई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि त्यांनी वागळ्यांपुढे चहा ठेवला.

"वय झालां आता त्येचां," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतत."

वागळ्यांनी घोड्याच्या उचललेल्या डाव्या पायाकडे एकदा पाहिलं. खिडकीबाहेर भाऊराव टाकीसाठी चुन्याची रेघ मारून घेत होते. वागळ्यांनी कॅमेऱ्याचं कातडी झाकण लावलं, देव्हाऱ्याला पुन्हा हात जोडले, आणि या वेळी जरा जास्तच वेळ जोडून ठेवले. मग बशीत चहा ओतला.

"साखर बरोबर आहे," ते म्हणाले.