चार मिनिटं सात सेकंदांवर

माझ्या बाबांच्या व्हिडिओवर एकूण एकोणीस पिवळ्या खुणा होत्या. आमच्या कोर्सच्या ॲपमध्ये व्हिडिओ हवा तिथे थांबवायचा, बोट टेकवायचं आणि त्याच जागी आपली टीप लिहायची, अशी सोय आहे. कोर्स मौखिक इतिहासाचा, असाइनमेंट घरातल्या माणसाच्या मुलाखतीची. टिपा वर्गातल्या इतरांनी टाकायच्या आणि उत्तरं आपण द्यायची, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. एक जरी टीप उत्तराविना राहिली तरी असाइनमेंट बाद.

अठरा उत्तरं मी ऑफिसात लपूनछपून देऊन टाकली. ध्रुव नावाच्या एकाला उजेड कमी वाटला होता. लालबागच्या चाळीतल्या खोलीत भरदुपारी किती उजेड असतो, ते बघायला त्याला एकदा बोलावलंच पाहिजे. एकोणिसावी टीप मात्र डोक्यातून जाईना. चार मिनिटं सात सेकंदांवर वर्गातल्या नूपुरने लिहिलं होतं, ‘इथे आवाज गेलाय. परत रेकॉर्ड कर.’

आवाज गेला नव्हता. पंख्याची घरघर नीट ऐकू येत होती.

गिरणीच्या संपात तुमच्या खात्यातलं कोणी कामावर गेलं होतं का, असं मी विचारलं होतं. बाबा छाती काढून म्हणाले, “आमच्या साचेखात्यातला एकही माणूस आत गेला नाही.” मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि त्यांचे नुसते ओठ हलले. मागे खाटेवर आनंदाकाका बसले होते, बाबांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारे. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही, म्हणून ही माणसं ओठ वाचायला शिकली. गिरणी बंद होऊन जमाना झाला, तरी घरच्यांपासून काही लपवायचं असलं की दोघं अजून तसंच बोलतात. लहानपणी माझा त्यावरून जळफळाट व्हायचा. अजूनही होतो, खोटं कशाला बोलू.

तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला. मला एकच संशय होता, की बाबाच आत गेले होते. ‘आम्ही मोडलो नाही’ हे ऐकवून ऐकवून ज्यांनी माझ्या नोकरीतली प्रत्येक तडजोड मला कडू करून ठेवली, ते बाबा. राग आला होता आणि आतून कुठेतरी आनंदही झाला होता, त्याची लाजही वाटत होती. बाबा भावाकडे बदलापूरला गेले होते आणि त्यांना विचारायची माझी छातीच होत नव्हती. सव्वापाचला मी आनंदाकाकांच्या दारात परळला उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला, व्हिडिओ दोनदा पाहिला. मी घड्याळ बघत होते, चपलेचा अंगठा मुडपत होते, चहा नको म्हणत होते. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“म्हणाला, ‘तुझं नाव घेत नाही, भिऊ नकोस.’”

मला कळायला वेळ लागला. तोवर काकाच पुढे बोलले. “सहाव्या महिन्यात मी आत गेलो, प्राची. घरात कोणी आजारी नव्हतं का मेलं नव्हतं. भूक सोसली नाही, बस.”

ज्या एका माणसाला हे विचारायचं नव्हतं, त्याच्याच हातात मी फोन दिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज गेला असंच लिहिते, म्हटलं, कुणाला काही कळणार नाही. काकांनी मान हलवली. रघू, म्हणजे माझे बाबा, आपल्यासाठी चाळीस वर्षं खोटं बोलतोय, त्याला आता सोडव, म्हणाले. लाव त्याला फोन.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि भीत भीत सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “आनंदाकडे दे.” काकांनी फोन तोंडासमोर धरला आणि दोघांचे ओठ हलू लागले. इतकं भांडण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्यात आवाज नव्हता. बाबा बोट नाचवत होते. काका मानेने नाही म्हणत होते. मग काका एकदम थांबले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“काय म्हणतात?” मला राहवेना.

“लिहू दे म्हणतो. पण तेवढंच नको म्हणतो.” काकांनी नाक पुसलं. “मी आत कामाला जात होतो तेव्हा माझ्या घरचा, त्याच पगारातला डबा रोज रघूकडे जायचा आणि रघू तो खायचा, हेही लिही म्हणतो.”

मी फोन हातात घेतला. स्क्रीनवर बाबा होते, मुलाखतीत इतके ताठ बसलेले बाबा, आणि आता मान वर करून माझ्याकडे बघत नव्हते. सहाला पाच मिनिटं होती. उत्तर लिहायचं तर फोन कापायला हवा होता, आणि माझ्याने तो कापवेना.