सोनालीच्या घरातली भिंत

२००९ साली मी मुळशीतल्या एका कॉलेजात संगणकावर भिंती-छपरासकट अख्खी इमारत उभी करायला शिकवत होतो. "आपापलं घर करा," असं मुलांना सांगितलं. ताम्हिणीच्या सोनालीनं चुलीशेजारीच शेळ्या बांधायची जागा दाखवली. मी वर्गासमोर अक्कल पाजळत मध्ये भिंत घातली आणि म्हणालो, "घर आणि गोठा यातला फरक कळत नाही?" मुलं हसली.

जुलैत वर्ग घेऊन घाटात गेलो आणि चिंब भिजून तिच्याच घरी शिरलो. तिच्या वडिलांनी शेळ्या सारून मला त्यांच्यातच पोतं अंथरलं. "बसा सर, हितंच ऊब हाय."

माझी हुडहुडी थांबली. मग ते अदबीनं म्हणाले, "पोरगी म्हनली, सरांनी आपलं घर नीट करून दिलं. भिंत कुटं घालायची, तेवढं दावा."