पंचफुलाच्या मनगटातला गोट

मित्रांनो, मी एक जुना गोट आहे, मनगटात घालायचं चांदीचं भरीव कडं. कारंजाच्या सोनाराने मला ठोकून घडवलं आणि धनजच्या रंगूबाईने आपल्या नव्या सुनेच्या, पंचफुलाच्या, उजव्या हातात साबण लावून चढवलं. पुढे कष्टाने तिचं मनगट भरलं आणि मी कधी निघालोच नाही. पंचवीस वर्षं मी एकाच हातात अडकून होतो.

पण तो हात काही साधा नव्हता. पंचफुला गावची सुईण होती. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, हे ती डोळे मिटून सांगायची. कळ आली की बाया मलाच गच्च धरायच्या. माझ्यावरची नक्षी त्यांच्याच बोटांनी झिजली.

१९७३च्या सुमाराला त्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पंचफुला पहाटे हात झटकत उठायची. मग अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं दिवसाही बधिर राहू लागली. हातातला पाण्याचा गडवा निसटायचा. तव्याचा चटका कळायचा नाही. तिने हे घरात कोणालाच सांगितलं नाही. सुईणीचा हात मुका झाला म्हटल्यावर तिला कोण बोलावणार?

दोन वर्षं तिने असं रेटलं. मग एका दुपारी गावातल्या लीलाबाईचं बाळंतपण आलं. नाळेचा वेढा बाळाच्या मानेला होता. पंचफुलाची बोटं त्यावरून फिरली, पण तिला तो लागलाच नाही. मदतीला शेजारी बसलेली वच्छला ओरडली, "वो बाई, लेकरू निळं पडून राह्यलं!"

पंचफुलाने डाव्या हाताने वेढा सोडवला. बाळ रडलं, घरात गूळ वाटला गेला. पंचफुला मात्र घरी आली आणि दाराआड बसून राहिली.

त्यानंतर बोलावणं आलं की ती आतूनच म्हणायची, "ताप हाये मले." लोक म्हणू लागले, "पंचफुलाले माज आला." मी सगळं ऐकत होतो. ती घरात कोंडलेली होती आणि मी तिच्या मनगटात.

शेवटी तिच्या नवऱ्याच्या, जगदेवच्या, नजरेला तिच्या बोटावरचा मोठा फोड पडला.

"एवढं भाजलं अन् तुले समजलं नाई? कायले लपवून राह्यली?"

"माह्या हाताले काईच समजत नाई आता," ती म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने तिघं अकोल्याच्या दवाखान्यात गेली. रंगूबाईही सोबत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी पंचफुलाचा पंजा खाली वाकवून थोडा वेळ तसाच धरला. लगेच बोटांत मुंग्या उठल्या.

"नस मेलेली नाही, अडकली आहे," बाई म्हणाल्या. "मनगटात हाडांमधून एक अरुंद बोळ जातो. नस त्यातून जाते. बोळावर जो जाड पट्टा आहे, त्याने ती दाबली आहे. तळहाताला छेद देऊन तो पट्टा कापायचा, म्हणजे नस मोकळी होईल."

"अन् हातच गेला तं?" जगदेवने विचारलं.

"ऑपरेशन केलं नाही तर ती भीती जास्त. हा अंगठ्याखालचा मांसल भाग बघा, बसलाय. तुम्ही फार उशीर केलात."

पंचफुलाने मला चाचपलं. "या गोटानं आवळलं का, बाई?"

माझा जीव टांगणीला लागला.

"नाही, दोष आतल्या पट्ट्याचा. पण ऑपरेशननंतर हात सुजेल. गोट तसाच राहिला तर रक्त अडेल. काढावाच लागेल."

साबण लावला, तेल लावलं. मी हललो नाही. आता कापण्यावाचून इलाज नव्हता. रंगूबाई उठून उभी राहिली. "तोडाचा नाई! म्या माह्या हातानं घातला."

"आत्याबाई," पंचफुला हळू बोलली, "अर्धं गाव या हातानं जगात आणलं. हात वाचू द्या."

म्हातारी खाली बसली. करवत किरकिरत माझ्यातून गेली. मित्रांनो, दुखलं का विचाराल, तर फार दुखलं.

ऑपरेशनला हात तेवढा बधिर केला होता. पंचफुला शुद्धीत होती. पंधरा दिवसांनी टाके निघाले. मुंग्या लवकर गेल्या, पण बोटांना समज यायला पाच महिने लागले. रोज ती सुपात तूर आणि हरभरा मिसळून, डोळे मिटून निवडायची. अंगठ्यातलं बळ पूर्ण आलंच नाही. ती आधी दवाखान्यात आली असती तर तेही आलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी तेव्हा ट्रंकेत, लुगड्यांखाली होतो. एका सकाळी वच्छलेचा आवाज आला, "लेकीले कळा सुरू झाल्या. येता का?" सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग पंचफुला म्हणाली, "चाल."

संध्याकाळी ती परतली. "पोटावर हात ठेवला अन् समजलं, लेकरू पायाळू हाये. तशीच बैलगाडीत घालून कारंज्याच्या दवाखान्यात नेली. दोघंही बरे हायेत."

रंगूबाईने ट्रंक उघडून मला बाहेर काढलं. "आता सोनाराकून जोडून आणतो. हात उघडा दिसते."

"नाई, आत्याबाई. उघडाच राहू द्या."

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, की आम्हाला जपा. मी उलटं सांगतो. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर लपवू नका, वर्षं घालवू नका. आणि वेळ आलीच, तर माझ्यासारख्याला खुशाल कापा. मला सोनार जोडू शकतो. हाताला तसा सोनार नाही.