माझा पेट्रोलचा काटा

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. भंगार म्हणालात तर मात्र मला राग येतो. माझा मोरपंखी रंग उन्हाने उडाला, पण इंजिन अजून बटन दाबताच सुरू होतं. शिरूर अनंतपाळच्या पंचशीलाताई माझ्या मालकीणबाई. त्या नर्स आहेत. लशींची बर्फाची पेटी माझ्या पायदानावर ठेवून आम्ही दोघी खेड्यापाड्यांत जातो. "सिस्टरची गाडी आली" असं कुणी म्हटलं की पोरं आधी पळतात आणि मग रडतात. हा मान काय कुणालाही मिळतो?

माझं दुखणं एकच होतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून बसला होता. टाकी भरलेली असो की कोरडी, काटा आपला अर्ध्यावरच. मग घरातला जो तो मला गदागदा हलवायचा आणि चुळुकचुळुक आवाज ऐकून पेट्रोलचा अंदाज घ्यायचा. सगळ्या गल्लीसमोर असं हलवून घ्यायची मला फार लाज वाटे.

गेल्या उन्हाळ्यात एकदा घाईत हलवायचं राहिलं आणि मी उघड्या माळावर बंद पडले. ताईंनी पेटी खांद्याला लावून उरलेली वाट पायी तुडवली. बर्फ वितळला असता तर लशी वाया गेल्या असत्या आणि तान्ही लेकरं घेऊन ताटकळलेल्या आयांना तसंच परत जावं लागलं असतं. बर्फ कसाबसा टिकला.

संध्याकाळी ताईंचे यजमान आनंदराज चिडून म्हणाले, "लई झालं हिचं. इकून टाक, नवी घेऊ."

"इंजन ठणठणीत हाय हिचं. काटाच तेवढा बिघडलाय," ताई म्हणाल्या. "दुरुस्त करून बघू. परत वाटेत फसले, तर मग खुशाल इका."

माझं सगळं आयुष्य त्या काट्यावर येऊन टेकलं.

उदगीरच्या गुंडप्पा मिस्त्रींनी सीट काढून टाकीतला सेन्सर बाहेर ओढला. एक दांडी आणि तिच्या टोकाला तरंगणारा गोळा, एवढाच तो. पेट्रोल वाढलं की गोळा वर, कमी झालं की खाली, आणि तसा काटा हलतो.

"दांडी गंजून गच्च बसली बघा, सिस्टर. काट्याचा काय कसूर?"

नवा सेन्सर जोडून त्यांनी गोळा हाताने उचलला, तसा काटा सरसर चढला. मग नवं रबर लावून तो टाकीत बसवला. मी ताठ मानेने घरी आले.

पुढच्या लसीकरणाच्या आदल्या दिवशी आनंदराज मला घेऊन औशाला जाऊन आले आणि पेट्रोल भरायचं विसरले, ताईंना सांगायचंही विसरले. सकाळी काटा लाल रेघेवर होता.

"आं? परवाच तर टाकी भरली," ताई म्हणाल्या. सवयीने त्यांनी मला हलवलं. चुळुकचुळुक! "पेट्रोल तर हाय की. काटाच पुन्हा बिघडला वाटतं."

आम्ही निघालो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काटा हीच माझी जीभ, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. गावाबाहेरच्या पंपाजवळ गतिरोधकावर मी दणकले. पुन्हा चुळुक! ताईंनी खाली पाहिलं. पुढच्या हुकाला त्यांची पाण्याची बाटली लटकत होती.

"अगं बया! ही होय!" म्हणत त्यांनी मला पंपाकडे वळवलं.

पंपावरच्या माणसाने झाकण उघडलं. "टाकी कोरडी पडायलाच आलीया, सिस्टर."

"हाव. काटा तेच सांगून राहिला होता. मीच ऐकलं न्हाई."

टाकी भरली, काटा वर चढला आणि पेटी गारच्या गार गावात पोहोचली. त्या दिवशीचं पोरांचं रडणं मला फार गोड लागलं.

संध्याकाळी आनंदराजांनी विचारलं, "मग? इकायची का हिला?"

"इकायची न्हाई आन् आजपासून हलवायची पण न्हाई," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू अडून बसली तर तिला मोडीत काढू नका. आधी तिचं नेमकं काय दुखतंय ते बघा. आणि दुरुस्त केल्यावर तिच्यावर विश्वासही ठेवा, कारण दुरुस्ती तिथेच पुरी होते. आता रोज सकाळी पंचशीलाताई माझ्या काट्याकडे एकदा बघतात आणि आम्ही निघतो.