कोपऱ्यापर्यंतचा आवाज

"तोंडाने काढून दाखव," काका म्हणाले.

"काय?"

"आवाज. तुझ्या बाबांच्या गाडीचा. आवाज सांगता येत नाही, काढावा लागतो. तुझा बापच म्हणायचा गिऱ्हाइकांना."

तिने दुकानात इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर खुंट्यांना सायलेन्सर टांगलेले होते. लांबडे, आखूड, चकचकीत, काळे. याच भिंतीखाली, काकांना जोडीला घेऊन, पाटावर बसून बाबांनी एकतीस वर्षं लोकांच्या गाड्यांना आवाज बसवून दिले. कुणाला गल्ली हादरवणारा हवा असे, कुणाला सासऱ्यांच्या कानाला खटकणार नाही असा. भलीभली माणसं त्यांच्यासमोर उकिडवी बसून, गाल फुगवून गुरगुरत. बाबा न हसता ऐकत आणि उठून नेमका पाईप काढत.

"डुग्... डुग् डुग्," ती म्हणाली आणि लाजेने तिचे कान तापले.

"हे शिलाई मशीन झालं," काका म्हणाले. "जरा पोटातून."

बाबांची मोटारसायकल विकायची ठरली होती. घेणारा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि इतक्या दिवसांत आई एकदाही रडली नव्हती. भांडी घासायची, घड्या घालायची, काही बोललं तर "हं" म्हणायची. गाडीचा मूळ पाईप गंजून त्याला भोक पडलं होतं. चालू केली की फाटक्या पत्र्यासारखी थडथडायची. तसला पाईप कंपनी आता बनवतही नव्हती. गाडी जाण्याआधी आईने तो आवाज एकदा ऐकावा, आपल्या दारात, संध्याकाळी, जसा ती सव्वीस वर्षं ऐकत आली होती. मग तिच्या आत अडलेलं काहीतरी सुटेल, असं लेकीच्या मनाने घेतलं होतं.

पहिला पाईप लावला, तर गाडी भांडायला उठल्यासारखी ओरडली. काकांनी तो उतरवला. दुसरा बरा होता, पण पोकळ. तिसऱ्यात काकांनी जाळीभोवती काचेची लोकर गुंडाळून भरली. "ही करामत तुझ्या बापाचीच," ते म्हणाले. आवाज खाली उतरला, गोल झाला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"नाही हो काका. तो असा... आतून यायचा."

काका फडक्याला हात पुसता पुसता थांबले. "तू मागे बसायचीस. पाठीला कान लावून?"

तिने मान डोलावली.

"मग तो पाईपात नाही मिळायचा, पोरी. तो पाठीतला होता. बाहेरच्यांना ऐकू यायचा तो हाच."

तिने सीटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "हाच राहू दे. आईने तर बाहेरूनच ऐकलाय."

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिने गाडी गल्लीत घातली. शेजारच्या खिडकीतून एक डोकं डोकावलं. दारासमोर ती थांबली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. आई आतूनच विचारत ओल्या हातांनी बाहेर आली.

"कुणाची गं गाडी?"

"कुणाची काय? आपली! आवाज ओळखला नाहीस?"

"बंद कर आधी."

तिने बंद केली. गल्ली एकदम शांत झाली.

"हा आवाज मी कधी ऐकलाच नाही," आई म्हणाली.

"अगं, सव्वीस वर्षं रोज दारात..."

"दारात कुठे? माझी वॉर्डात रात्रपाळी. सकाळी मी येईपर्यंत हे दुकानात गेलेले. घरी येऊन सगळं आवरेपर्यंत दुपार व्हायची, तेव्हा कुठे डोळा लागायचा, तो सातपर्यंत. हे कोपऱ्यावरच गाडी बंद करायचे आणि ढकलत आणायचे. भर पावसातसुद्धा. एकदा मी जागी होते म्हणून कळलं. नाहीतर सांगतोय कसला तो माणूस!"

"मला तर कोपऱ्यावर उतरवून म्हणायचे, पळ, बघू कोण आधी पोचतं."

"मग? तू पळायचीस."

ती पळायची. मागे वळून पाहायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

"मी रिटायर झाल्यावर म्हटलं, आता आणा की दारापर्यंत वाजवत. तर म्हणतात कसे, आता गाडीलाच सवय झालीय." आई हसली. हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले, पुन्हा पुसले, पण ते काही थांबेनात. ती पायरीवर बसली. लेक शेजारी बसली. कितीतरी वेळाने आई म्हणाली, "लाव बघू परत."

नव्याने ओळख करून दिलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं, तशी ती ऐकत राहिली.

"एवढा मोठा होता होय," म्हणाली.

सकाळी घेणारा आला. त्याने किल्ली फिरवली, किकवर पाय ठेवला.

"इथे नको," आई म्हणाली. "कोपऱ्यावर सुरू करा."

"घरात कुणी आजारी आहे का?"

"नाही."

तो बिचारा उतरला आणि हँडल धरून चालू लागला. आईने मागून कॅरिअर धरलं. "उतार आहे, पळेल ती. येताना मात्र चढ लागतो."

दोघं गल्लीतून गेली. चेनची बारीक करकर तेवढी ऐकू येत होती. कोपऱ्यावर गाडी थांबली, तरी आईने हात सोडला नव्हता. घेणाऱ्याने वळून पाहिलं. मग तिने सोडला.