तेविसावी ओळ

गुड्रुनने हत्ती सरकवला, घड्याळाची कळ दाबली, कागदावर चाल लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. पहिल्या दोन तासांत चाळीस चाली झाल्या की पुढचा एक तास मिळतो. नाही झाल्या तर डाव गेला. तिच्या कागदावर चाळीस होत्या. ती निवांत उठून माझ्या टेबलाशी, थर्मासकडे आली.

मी बुद्धिबळ संघाचा कप्तान, म्हणजे कागद सांभाळणारा. हयात वाचनालयात गेली, त्यामुळे मोजायची खोड आहे. मी एकोणचाळीस मोजल्या होत्या. मघाशी चष्मा पुसताना तिची तेविसावी ओळ रिकामी राहिली होती, ती चाल तिने चोविसाव्या ओळीवर लिहिली होती.

बाकीचे पाच डाव संपले होते, आम्ही दोन-तीन असे मागे. गुड्रुन जिंकली तर बरोबरी, आणि आम्ही महिला लीगमध्ये टिकणार. नाहीतर संघ बंद. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या पाळ्या सांभाळून हा संघ तिनेच उभा केला होता. समोरच्या झिल्केलाही तिनेच शिकवलेलं. ती आता शहराच्या संघात होती.

झिल्केने चाल केली, कळ दाबली. गुड्रुनचं घड्याळ सुरू झालं. दोन मिनिटं उरली होती. झिल्केने स्वतःचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

चालू डावाबद्दल कप्तानाने खेळाडूशी अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम आहे.

"तोंड का पाडलंयस, योखेन? जिंकतेय मी," गुड्रुन म्हणाली. "केक कापतोस, की तोही मीच कापू?"

"कापतो," मी म्हणालो.

लहानपणी हरली की झिल्के कशी टेबलाखाली जाऊन बसायची, ते ती हसत सांगत राहिली. मग तिच्या घड्याळातलं वेळ संपल्याचं लाल निशाण पडलं. झिल्केने घड्याळ थांबवलं.

गुड्रुनने दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीवरून बोट फिरवलं. ते तेविसाव्या ओळीवर थांबलं.

"मी सांगायला हवं होतं," झिल्के पुटपुटली.

"कशाला? तसं शिकवलं नव्हतं मी तुला." मग ती माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बरं केलंस."

नियम म्हणून गप्प राहिलो की जन्माच्या सवयीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला सांगायचं राहून गेलेलं तसं पुष्कळ आहे.

रिकाम्या ओळीवर तिने सरळ रेघ मारली, खाली सही केली आणि बाह्या वर सारून कप विसळायला गेली. झिल्के फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मी कागद गोळा केले. सुरी केकमध्ये अर्ध्यावर रुतलेली होती.