बादलीत न विरघळलेला बेकरीवाला

खरं सांगतो मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर माझी बोटं प्लास्टिसिनची, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ रंगीत मातीची. लॅपटॉपचं बटण दाबलं की बोट तिथेच चिकटतं. ते सोडवा, मळून टोक काढा, मग पुढचं अक्षर. त्यामुळे थोडं थोडं लिहितोय. चालवून घ्या.

मी एक जुना बेकरीवाला आहे. वीतभर उंच, आत तारेचा सांगाडा, वर प्लास्टिसिन. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या एका घरात, वरच्या पिटुकल्या खोलीत अवधूतने मला बनवलं. तो शहरात जाऊन बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात माझी फिल्म करतो. कुठे शिकला नाही. झेक, पोलिश, ब्रिटिश, मिळतील त्या बाहुल्यांच्या फिल्म पॉज करकरून बघितल्या, तेवढंच.

आमचं काम म्हणजे काय, तर तो माझा हात तांदळाएवढा हलवतो, फोटो काढतो. परत हलवतो, परत फोटो. दिवसभर मरमर केली की मला पडद्यावर एक शिंक येते. मधेच कुणाचा धक्का लागला तर शॉट गेला!

फिल्मचा फक्त शेवट राहिला होता. दुकानात कुणीच येत नाही, तरी बेकरीवाला हसतो, एवढंच. पण ते हसू काही जमेना. ओठ वर केले की मी दाढ दुखल्यासारखा दिसायचो. लेस्टरच्या फिल्म फेस्टिव्हलची तारीख जवळ आली तसा अवधूत वैतागला. बायकोला, उल्काला म्हणाला, "यावेळी नाही जमलं ना, तर बास. याचा गोळा करून टाकतो."

गोळा! आम्हा प्लास्टिसिनवाल्यांत याहून वाईट शब्द नाही.

"घाबरतोस काय," शेल्फवरून पद्माकर म्हणाला. "गोळ्याची मांजर करतील. मांजरी सुखात असतात." पद्माकर म्हणजे प्रागच्या जुन्या बाजारातून आणलेली दोऱ्यांची लाकडी बाहुली. उल्काचे एक काका असेच कायम रुसलेले दिसायचे, म्हणून त्यांचं नाव.

तेवढ्यात नागपूरहून उल्काची आई आली. अनुराधाकाकू. गणपतीत अवधूत-उल्का रात्रभरासाठी लेस्टरला मावसभावाकडे निघाले. काकूंचे पाय विमानात सुजलेले, त्या घरीच राहिल्या. खिडकीचा उजेड दिवसभरात किती बदलतो हे बघायला अवधूत कॅमेरा ऑटोवर, दर काही सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असा लावून गेला. काकूंना मात्र काही सांगितलं नाही.

काकू जिना चढून वर आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बाई! पोरांनी बाप्पा बसवला अन् मला बोललेसुद्धा नाहीत? अन् तसेच गेले, बिनपूजेचं ठेवून?"

आता त्यांचंही काय चुकलं? मी गोल पोटाचा, लाकडी फळीवर बसलेलो. नाक लांब, कारण बेकरीवाल्याला वास आधी यायला हवा, असं अवधूतचं मत. हातात बन. चहूबाजूंनी लाइट.

"सोंड तोकडीच केली," काकू पुटपुटल्या. "इकडची फॅशन असेल."

हळद-कुंकू झालं. अक्षता झाल्या. शिऱ्याचा नैवेद्य. मग निरांजन ओवाळत सगळ्या आरत्या, पार मंत्रपुष्पांजलीपर्यंत. मी बेकरीवाला आहे हो, असं ओरडावंसं वाटलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं. गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचं विसर्जन. बाथरूममध्ये बादली. मी बुडालो आणि नुसताच बसलो. प्लास्टिसिन तेलकट, ते कुठलं विरघळतंय! संध्याकाळी काकूंनी घाबरून फोन लावला.

"उल्के, बाप्पा विरघळत नाहीयेत गं! काही चुकलं का माझं?"

"कुठले बाप्पा, आई?"

"तुमचे! वरच्या खोलीतले. हातात मोदक असलेले."

पलीकडून अवधूतचा आवाज आला, "आई, तो मोदक नाही हो. बन आहे!"

घरी आल्या आल्या त्याने मला टॉवेलने पुसलं. पाणी गेलं, कुंकू जाईना. तो पायरीवर बसला. "संपलं," म्हणाला आणि मला मुठीत धरलं. अंगठा माझ्या पोटात रुतायला लागला.

"खबरदार!" काकू कडाडल्या. "पूजेच्या मूर्तीचा गोळा करता, अवधूतराव?"

"आई, मूर्ती नाहीये ती!"

"मी पूजा केली ना? मग झाली मूर्ती."

"भांडणं नंतर," उल्का लॅपटॉपसमोरून ओरडली. "आधी इकडे या!"

कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं. एकामागून एक ते फोटो पडद्यावर धाडधाड पळत गेले. दोन मोठे सुरकुतलेले हात आले, कपाळाला कुंकू लावून गेले. मग निरांजन फिरलं आणि सावली माझ्या गालावरून सरकली. ओठ तसूभर हलला नव्हता. तरी मी हसत होतो. छान हसत होतो.

"त्यात काय," पद्माकर म्हणाला. "लाकडाचा चेहरा कुठून हसणार? आमच्याकडचे जुने बाहुलीवाले उजेडच फिरवायचे."

अवधूतने तेवढा तुकडा परत परत लावून बघितला. मग म्हणाला, "आई, तुमचे हात फिल्ममध्ये ठेवले तर चालेल?"

"आधी सांगायचं होतंत. बऱ्या बांगड्या घातल्या असत्या."

लेस्टरला बक्षीस दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. पण ते हात आले तेव्हा अख्खा हॉल हसला आणि मी हसलो तेव्हा एकदम चिडीचूप झाला. गोळ्याचं नाव परत कुणी काढलं नाही. अवधूतने पुढची फिल्मसुद्धा सुरू केलीय, हीरो मीच.

पण काल उल्काने चॅरिटी शॉपला, म्हणजे जुन्या वस्तू दान करायच्या दुकानाला, द्यायची पिशवी भरली आणि त्यात पद्माकरला टाकलं. म्हणाली, "दोरे गुंतलेत याचे, कुणी वापरत नाही." मित्रांनो, गुंतलेलं म्हणजे तुटलेलं नसतं हो. जरा बसा, सोडवा. आमच्यासारख्यांना दुसरं काय लागतं?

पिशवी अजून दाराशीच आहे. म्हणून हे एवढं टाइप केलं. उद्या अवधूत लॅपटॉप उघडेल तेव्हा पहिलं हेच वाचेल.

आणि पद्या, ऐक. त्याने वाचूनही तुला बाहेर नाही काढलं, तर नव्या फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला मी तोंडावर पडेन. शब्द देतो तुला.